काचेच्या बुडाचा डबा

समुद्रावरून परत आलं की महिनाभर वाळू निघत राहते. ट्रंकेच्या कोपऱ्यातून, लुगड्याच्या निऱ्यांतून, मिठाच्या पुडीतूनसुद्धा! आमच्या लाइनीतल्या किश्शांचं तसंच आहे. एक झटकला की दोन पडतात. लाइनीतल्या बायकांपैकी निम्म्या आता राहिल्या नाहीत, तेव्हा मीच झटकते.

बंगळूरच्या एका सरकारी कारखान्याची वसाहत. पन्नास-साठची दशकं. आमच्या लाइनीत मराठी घरं पाच. दर वर्षी संक्रांतीनंतर पाचही घरांनी मिळून समुद्रावर जायचं, आणि कुठल्या समुद्रावर ते मी ठरवायचं! का? तर मी चौथी पास असून इंग्रजी पेपर वाचायची. निपाणीकडे आमच्या गावी चौथीनंतर मुलींना शाळेत बसवत नसत. इंग्रजी मी कारखान्याच्या नोटिसा वाचून शिकले, कन्नड बसच्या पाट्या वाचून. कोणी शिकवलं नाही, म्हणून कोणाचे उपकारही नाहीत. सगळे मला अक्का म्हणत. माझ्याहून मोठे पुरुषसुद्धा.

*

किनारा निवडायचा म्हणजे प्रत्येकाची अट वेगळी. शेजारच्या कुलकर्णीवहिनींना मोरी घराच्या आत हवी. पुरुषांना पत्ते कुटायला सावली हवी. "आराम म्हणजे आराम!" असं माझे हे म्हणायचे. आराम म्हणजे ह्यांनी आडवं व्हायचं आणि आम्ही समुद्राकडे पाठ करून स्टोव्हला पंप मारायचा!

त्या वर्षी लाइनीत सुशीला नवी आली होती. नागपूरची मुलगी, समुद्र कधी न बघितलेली. तिची अट ऐकून सगळे हसले. "तळ दिसायला हवा. तळ दिसत नाही त्या पाण्यात मी पाय घालत नाही."

तिचा नवरा मधुकर कारखान्यात टूलरूममध्ये होता. त्यानं वनस्पती तुपाचा मोठा डबा घेतला, बूड कापलं, तिथं काच बसवली आणि कडेनं खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी अशी भरली की थेंब आत येणार नाही. डबा पाण्यावर टेकवायचा आणि तोंड आत घालून बघायचं. "घे," तो म्हणाला, "डोकं न भिजवता समुद्र बघ!"

*

किनाऱ्याचं नाव सांगत नाही. त्या गावाचा काय दोष? पण तो निवडला होता मी. कोणी विचारायच्या आधी सांगून टाकते.

पाणी खरंच काचेसारखं होतं. सुशीला गुडघाभर पाण्यात वाकून उभी, तोंड डब्यात. मधुकर तिच्या पुढे पोहायला गेला. धारवाडच्या विहिरीत शिकलेला पोहणारा. मी काठावर भाताला आधण ठेवत होते.

"अहो, इकडे या! केवढा तारामासा!" सुशीला डब्यातूनच ओरडत होती. "अहो, लवकर या ना!"

तिनं मान वर केली तेव्हा पुढे कोणी नव्हतं.

मला पोहता येत होतं. मी लुगड्यासकट तीनदा गळ्याएवढ्या पाण्यात गेले. कोळ्यांनी दोन दिवस होड्या घातल्या. देह मिळाला नाही.

*

मधुकरची आई, माई, सुशीलाजवळच राहायची. तिनं भटजींना विचारलं आणि आम्हाला येऊन सांगितलं, "देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर ही सवाष्ण."

म्हणजे बारा वर्षं ती पोरगी ना इकडची, ना तिकडची!

पुढच्या संक्रांतीला एका नव्या बिऱ्हाडात हळदीकुंकू होतं. ती बाई पुण्याची. सगळ्यांना कुंकू लावत सुशीलापाशी आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. कोणीतरी कानात सांगितलं असणार. सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुशीलानं त्या बाईचं बोट धरलं आणि आपल्याच हातानं कपाळाला टेकवलं.

"लावा," ती म्हणाली. "अजून सापडले नाहीत."

*

त्या वर्षी सहल नको असं सगळ्यांच्या मनात होतं. सुशीलाच डबा घेऊन माझ्या दारात आली. "अक्का, यंदा कुठे?"

तेव्हापासून मी समुद्रकाठच्या गावांच्या पोस्टमास्तरांना कार्डं पाठवायला लागले. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कन्नड, प्रश्न एकच: तुमच्याकडे तळ दिसतो का? उत्तरं येत. कोणी लिही, जानेवारीत या. कोणी लिही, धर्मशाळा आहे, स्वल्प महाग आहे. उडपीकडच्या एका पोस्टमास्तरनं लिहिलं, "अम्मा, आमच्या समुद्राला तळ असणारच. बघायला गेलेले सांगायला परत आलेले नाहीत."

ते कार्ड मी सुशीलाला दाखवलं नाही. चुलीत घातलं.

*

कुलकर्णीवहिनी तोंडाच्या फटकळ, मनातलं पोटात ठेवायच्या नाहीत. एकदा बसमध्ये सगळ्यांदेखत त्यांनी विचारलंच, "अगं, गेला एका गावाला आणि तू शोधतेस दुसऱ्या गावाला?"

सुशीला खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पाणी एकच आहे ना, वहिनी?"

त्यानंतर घाट लागला. नेहमी ओकणारी कुलकर्ण्यांची धाकटीसुद्धा त्या दिवशी ओकली नाही!

*

कारवारला एक म्हातारा कोळी तिला तासभर बघत होता. शेवटी मला म्हणाला, "बायचं काय पडलं पाण्यात?"

"अंगठी," मी म्हटलं. मी सहसा खोटं बोलत नाही.

"अंगठी वाळूत जाते, मिळत नाही. माणूस असेल तर तिसऱ्या दिवशी वर येतो."

सुशीलानं ऐकलं. डब्यातून तोंड काढून विचारलं, "आणि नाही आला तर?"

म्हाताऱ्यानं तिचं कुंकू बघितलं. मग जाळं खांद्यावर टाकलं आणि निघून गेला.

*

मला हे सगळं पटत नव्हतं. माझ्या मनात एक आणि तोंडात एक असं नसतं. सातव्या की आठव्या वर्षी मी तिला स्वयंपाकघरात बसवून स्पष्ट सांगितलं, "सुशीला, तो मेला. तू बत्तीस वर्षांची. कारखान्याच्या शाळेत नोकरी करतेस, पायावर उभी आहेस. दुसरं लग्न कर. मी बघते कोणीतरी."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, तुम्ही किनारा निवडा. नवरा नको."

आयुष्यात मला एवढं लागेल असं कोणी बोललेलं नाही. आणि ती चिडून बोललीच नव्हती!

*

बारावं वर्ष. रामेश्वरच्या पोस्टमास्तरचं कार्ड आलं: पाणी शांत, तळ दिसतो, पोवळ्याचे खडक दिसतात. मी ते मोठ्यानं वाचलं. इतकी वर्षं माई एकदाही समुद्रावर आली नव्हती. "माझं लेकरू गिळलं त्याचं तोंड बघणार नाही," म्हणायची. त्या दिवशी तीच म्हणाली, "रामेश्वर? मग मी येते. बारा वर्षं भरतात. तिथंच उरकू."

सुशीला उठली. डब्याला नवी लांबी भरत बसली.

"तिला विचारलं का?" मी माईला म्हटलं.

"मी आता किती दिवसांची? मी गेल्यावर मधूला अग्नी कोण देणार? तू?"

रामेश्वरला सगळी तयारी माईनंच केली. भटजी ठरवले. दर्भाचा पुतळा झाला. अग्नी माझे हे देणार होते. सुशीलाच्या बांगड्या कुठे फोडायच्या, तो दगडसुद्धा माईनं बघून ठेवला होता.

सुशीला कमरेएवढ्या पाण्यात उभी. तोंड डब्यात.

"सुशीला, ये आता," माईनं हाक मारली. "गुरुजी खोळंबलेत."

ती हलली नाही. दुसरी हाक. तिसरी. मग माईनं माझा दंड धरला आणि नऊवारीचा काष्टा खोचून स्वतःच पाण्यात शिरली. सत्तरीची बाई! मला वाटलं, आता डबा हिसकावून फेकून देणार. मीही मनात म्हटलं, फेक बाई एकदाचा.

माईनं डबा सुशीलाच्या हातातून काढून घेतला. फेकला नाही. पाण्यावर टेकवला, वाकली आणि तोंड आत घातलं.

काठावरून गुरुजी ओरडत होते, मुहूर्त टळतोय. माझे हे हातवारे करत होते. माई वाकलेलीच. डबा इंच इंच सरकवत होती. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मी एका बाजूनं तिला धरलेलं, सुशीलानं दुसऱ्या बाजूनं.

किती वेळानं कोण जाणे, माईनं तोंड वर काढलं. डबा सुशीलाच्या हातात परत दिला. माझ्याकडे वळून म्हणाली,

"इथं नाही गं. अक्का, पुढल्या वर्षी दुसरा किनारा बघ."