श्रीपादरावांच्या अटींत बसणारा साप

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पद्मिनीताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची जनावरं गाडीत चढवली. गार्डाच्या डब्यातून जाणारे कुत्रे, टोपल्यांतल्या कोंबड्या, एकदा तर सासरी निघालेल्या मुलीबरोबर तिची लाडकी बकरी. कानामागं खाजवल्याशिवाय त्यांनी कुणाचीच पावती फाडली नाही. चौबे कॉलोनीतल्या घरात मात्र पाळलेलं काही नव्हतं. तिथं होते यजमान श्रीपादराव आणि त्यांच्या अटी: केस गळायचे नाहीत, भुंकायचं नाही, सकाळी फिरवायला न्यावं लागायचं नाही.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी, भेंडी पुसता पुसता, पद्मिनीताईंना उत्तर सापडलं.

“साप!”

“कुठं?” श्रीपादराव टुणकन खुर्चीवर चढले.

“कुठं नाही. आणाचा आहे. केस नाही, आवाज नाही, फिरवाले न्याचं काम नाही. तुमच्या साऱ्या अटींत बसते.”

श्रीपादराव खाली उतरले नाहीत. वरूनच त्यांनी विचारलं, “अन् खाते काय तो?”

“उंदीर. मेलेला, फ्रीजात ठेवलेला.”

“गणपतीचं वाहन! ज्या फ्रीजातून नैवेद्याचं दूध निघते, त्याच्यात उंदीर? जमणार नाही.”

अटी आता चार झाल्या. पण पद्मिनीताईंच्या अंगात वारं शिरलं होतं. एखाद्या उपवर पोरीसाठी स्थळं पाहावीत तशा त्या साप पाहू लागल्या. स्वभाव कसा, मोठेपणी अंगानं किती भरतो, खाण्यापिण्याचे नखरे आहेत का. नाग, धामण, अजगर ही इथली घराणी बाद झाली. देशी साप पाळायला कायद्यानं मनाई. उरले परदेशातले, तेही कागदपत्रांसकट. गुढ़ियारीत चिराग नावाच्या तरुणाचं रंगीत माशांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत असे साप. पद्मिनीताई ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. नाही म्हणायला सोबत कुणीतरी हवं, म्हणून श्रीपादरावही निघाले.

चिरागला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं. त्यानं आधी एक तपकिरी वेटोळं दाखवलं. “बॉल पायथन, आंटी. एकदम शर्मीला. बस, मन नहीं हुआ तो दो-दो महीने खाता नहीं.”

पद्मिनीताईंचे डोळे लकाकले. “म्हणजे उपास करते?”

“समझो वैसा ही.”

“अहो, ऐकलं का? चातुर्मास पाळते हा! देव्हाऱ्याशेजारी ठेवण्यासारखा आहे.”

श्रीपादरावांनी हाताची घडी सोडली नाही. “अन् उपास सोडते कशावर?”

“चूहे पे, अंकल. बड़ा वाला.”

“पण दोन महिन्यांनी!” पद्मिनीताई म्हणाल्या. “तेवढं तर चालते. हाच द्या.”

चिरागनं झाकण लावून टाकलं. “नहीं दूँगा, आंटी. ये खाना छोड़ेगा तो आप भी छोड़ दोगे. रोज़ फोन आएगा, बेटा, आज भी नहीं खाया. पहली बार वाले को वो साँप चाहिए जो बराबर खाए.”

श्रीपादरावांनी अर्धी पोळी ताटात टाकली तरी ज्यांचा घास अडतो, त्या दोन महिने काय करतील, हे पद्मिनीताईंना न सांगता कळलं. खाणारा साप घरात चालायचा नाही आणि न खाणारा त्यांना सोसायचा नाही. म्हणजे यापुढेही दुसऱ्यांच्याच जनावरांचे कान.

“ये तो देख लो,” चिराग म्हणाला. त्याच्या बोटांवर नारिंगी रंगाचा, करंगळीएवढा जाड कॉर्न स्नेक रेंगाळत होता. दीड वर्षाचा, गरीब, आठवड्या-दहा दिवसांतून एक छोटा, बर्फातून काढलेला उंदीर. पद्मिनीताईंनी दोन्ही हात पुढं केले. पण चिराग संस्कारी मुलगा. आधी मोठ्यांना. त्यानं तो श्रीपादरावांच्या मनगटावर ठेवला.

सापानं घड्याळाला एक वळसा घातला आणि सरळ सदऱ्याच्या बाहीत शिरला.

श्रीपादरावांचा पुतळा झाला. “पद्मिनी… कोपरापाशी आला वं.”

“हलना मत, अंकल.”

“मी कुठं हलून राहिलो? मले… मले हसू येऊन राहिलं!”

आणि खरंच, रेल्वे कॉलनीत संसार थाटल्यापासून आजवर कुणी न ऐकलेलं, पोट्ट्यासारखं खिदळणं दुकानभर झालं. गुदगुल्या दंडावर पोचल्या, काखेत पोचल्या आणि तिथंच थांबल्या. श्रीपादराव डोळे पुसत, कुजबुजत म्हणाले, “गिळगिळीत नाही वं हा. मले वाटलं होतं…” मग त्यांना अट आठवली. “काय रे, गणपती बसले की दहा दिवस याचं कसं?”

“पहले पेट भर के खिला दो. आराम से रह लेगा.”

“मग गणपतीत उपास. उंदरासाठी छोटा फ्रीज स्कूटरच्या शेडमध्ये. अन् बाकीच्या दिवसांचं गणपतीशी मी बोलतो.”

पद्मिनीताईंनी तळवे पुन्हा पुढं केले. “आता मले द्या.”

“थांब ना. झोपला वाटते.”

“अहो, साप माझा आहे!”

“हव. पण बाही माझी आहे.”

मग पद्मिनीताईंनी त्या बाहीवरच हात टेकला. कापडाआडून काहीतरी अगदी सावकाश, पाणी वळावं तसं, त्यांच्या तळव्याखालून वळलं. आणि पद्मिनीताईही हसत सुटल्या.