वळणापलीकडचं जाळं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती विचारायची, गव्हाणला फिरायला जाणं का सोडलंत? मी म्हणायचो, गुडघे दुखतात. गुडघे — आणि तेही माझे! हा शब्द माझ्या तोंडून निघत तरी कसा होता?

तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. खूपदा प्रयत्न करून पाहिला.

निवृत्तीनंतर उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी पनवेलहून स्कूटरने गव्हाणच्या बाजूला खाडीवर जायचो. काठाने सिमेंटची रुंद वाट आहे, समुद्राकडून वारा येतो. मे महिन्यात त्या वाटेवर स्केटिंग करणारी मुलं असायची, आणि जवळा. कोळणी कडेला जुनी जाळी पसरून त्यावर ही बारीक मासळी वाळवायच्या, पावसाळ्यासाठी. त्यांचा एक नियम होता, कुणी कधी लिहून ठेवलेला नव्हता — जाळं सरळ वाटेवर टाकायचं, लांबून दिसेल असं. वळणावर कधीच नाही. मुलांनाही तो ठाऊक होता. म्हणून तर ती वळण बिनधास्त घ्यायची.

हिराबाईंची जागा माझ्या नेहमीच्या बाकासमोर, वळणाच्या अलीकडे. त्यांची मुलगी जागृती कॉलेजात होती, आणि त्या वाटेवर तिच्याइतक्या वेगात कुणी जात नसे. मागून ओरडायची, "काका, बाजूला व्हा, ब्रेक लागत नाय!" मी दचकलो की हिराबाई खदखदून हसायच्या. "हिला पाय नायच दिलं देवानं काका, चाकंच फुटल्यात!" केवढं कौतुक होतं त्या हसण्यात. जागृती स्पर्धांना जायची, पुढे हेच शिकवायचं म्हणायची.

मग ती संध्याकाळ — कशी सांगू? भांडण नव्हतं, राग नव्हता. मला फक्त वास नको होता, माशा नको होत्या. आणि घरी जवळ्याची चटणी मीच मागून खायचो. हिराबाई पाणी भरायला घरी गेल्या होत्या. आसपास कुणी नव्हतं. मी कोपऱ्यांवरचे दगड पायाने सारले, जाळं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत नेलं — वळणापलीकडे. दगड परत नीट ठेवलेसुद्धा. मग बाकावर येऊन वारा खात बसलो.

नियम ठाऊक नव्हता का मला? ठाऊक होता. त्या क्षणी आठवला नाही? आठवला. वाटलं, थोडा वेळ तर राहील तिथे.

जागृती माझ्यासमोरून गेली. हात हलवून गेली. तेव्हा एक हाक मारली असती तर — मी मारली नाही. सुचलं नाही की मारायची नव्हती? आजही मला धड सांगता येत नाही. मग वळणापलीकडून आवाज आला.

माणसं जमली, मीही गेलो. चाकं जाळ्यात गुरफटली होती, पाय गुडघ्यातून वाकडा झाला होता. हिराबाई धावत आल्या. आधी मुलीकडे पाहिलं, मग जाळ्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मी तर बाकड्यापुढं टाकलेलं. काका, तुमी होते ना इथं? कुठं टाकलेलं मी?"

इतक्या माणसांत त्यांनी मलाच विचारलं.

मी म्हणालो, "इथेच होतं. विसरला असाल तुम्ही."

झालं. एवढंच बोललो. जाळं ओढलं तो आळस म्हणा, स्वार्थ म्हणा. पण हे? हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो. आणि त्या स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून कपाळ बडवत खाली बसल्या. "तुमी बोलता म्हंजे तसंच असंल. माजं डोस्कंच ठिकानावर नाय."

सांगायचंच असं ठरवून मी आंबे घेऊन इस्पितळात गेलो. हिराबाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं तुमी होते. नायतर मी दुसऱ्या कुनाला शिव्या घातल्या असत्या. पाप लागलं असतं." मी आंबे ठेवले आणि उठलो.

जागृतीचा पाय पूर्ववत झाला नाही. किंचित ओढत चालते. कामोठ्यात एका दुकानात कामाला आहे. हिराबाईंनी जवळा वाळवणं सोडलं, ते मला बाजारात दुसऱ्या कोळणीकडून कळलं. त्यानंतरही मी कितीदा स्कूटर काढली, आणि वाटेतल्या पुलाजवळून मागे वळवली.

गेल्या वर्षी हिराबाई वारल्या. मी भेटायला गेलो — जागृतीला तरी सांगावं म्हणून. ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत रोज माजा गुडघा तेलानं चोळायची, काका. नको बोललं तरी ऐकायची नाय. बोलायची, माज्याच हातानं झालंय." मग डोळे पुसत विचारलं, "चहा टाकू?"

मी चहा प्यायलो. आणि घरी आलो.

जे बोलायला गेलो होतो ते इथे ठेवतो. ऐकायला आता त्या नाहीत. हिराबाई, तुमचं बरोबर होतं. जाळं तुम्ही बाकड्यापुढेच टाकलं होतं.