उतारासाठी टायर
नव्या रबराचा वास आला की मला धुळ्यातलं ते सायकलचं दुकान आठवतं. मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत शिकवत होते आणि बॅटरीच्या सायकलीने जात होते. अर्धा रस्ता डांबरी, पुढे सगळा खडीचा उतार. तिथे एका आठवड्यात मी दोनदा पडले, तेव्हा घरचे म्हणाले, नोकरीच सोड. दुकानदाराने दोन टायर पुढे ठेवली. "जाड खाचांचं खडीवर धरतं, पण बॅटरी खातं. गुळगुळीत लांब पळतं, पण घसरतं." एक उचलायचं, ठेवायचं, दुसरं उचलायचं, माझं काही केल्या ठरेना. शेवटी पंक्चर काढायला आलेले एक आबा वैतागून म्हणाले, "माय, तुले भ्या कव्हय वाटस, चढतांना का उतरतांना?" "उतरताना," मी म्हणाले. "मंग पुढे जाड लाव, मांगे गुळगुळीत." दोन चाकांना दोन वेगळी टायर चालतात, हे मला सुचलंच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी उतार संपेपर्यंत आबांचं बरोबर की चूक, तेच मला कळत नव्हतं. खाली शाळेच्या फाटकाशी पोरं उभी होती. बाई आज पडतात की नाही, अशी त्यांची पैज लागली होती. चार वर्षं झाली, मी त्याच शाळेत आहे, पण त्या दिवशी पडण्याच्या बाजूने कोण कोण होतं, हे अजून एकही पोर सांगत नाही.