नवरदेवाची दोन बोटं

भोसरीहून दिघीकडे जाताना टायरच्या दुकानाला खेटून 'गुलशन फोटो स्टुडिओ' लागतो. गुलशन ही करीमची आई. बाई जन्मात एकदाच कॅमेऱ्यासमोर बसली, मतदार कार्डासाठी, आणि कार्ड हातात आल्यावर म्हणाली, ही मी नव्हेच. मुलाच्या धंद्याविषयी तिचं मत मरेपर्यंत बदललं नाही. मुलाने मात्र पाटीवर तिचंच नाव घातलं आणि त्या पाटीखाली अर्धं आयुष्य काढलं.

एक काळ असा होता की या पट्ट्यातल्या लग्नात गुरुजींना उशीर झाला तर लोक चालवून घेत, करीमभाईंना झाला तर अक्षता थांबत. मग ड्रोनवाली पोरं आली. ती नवरानवरीला लोणावळ्याला नेतात, रंगीत धुरातून पळवतात आणि त्याचा सिनेमा करून देतात. करीमनेही एकदा धूर आणून पाहिला. नवरीला खोकल्याची उबळ आली आणि तिच्या मामाने भर मंडपात करीमची अक्कल काढली. त्यानंतर लग्नं गेली, बारशी गेली, वाढदिवस तर ज्याच्या त्याच्या मोबाइलात गेले. उरले पासपोर्ट साइजचे फोटो. चाकणच्या कंपन्यांत ठेकेदार बदलला की गेटपास बदलतो आणि गेटपासला फोटो लागतो, एवढ्यावर स्टुडिओ उघडा राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस दिवसभर लोकांना 'हनुवटी वर, कान दिसू द्या' एवढंच सांगत बसला की आतून कसा कुजतो, ते करीमला विचारावं.

त्याच्या गिऱ्हाइकांतला सगळ्यात जुना म्हणजे ज्योतीराम. औशाकडचा. विशीत भोसरीला आला आणि एका छोट्या वर्कशॉपात प्रेसवर लागला. पत्रा आत सरकवायचा, प्रेस खाली येतो, पत्रा बाहेर. एक दिवस प्रेस लवकर खाली आला आणि उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट मुळापासून गेलं. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि पट्टी सुटायच्या आत माणूस कामावरून काढला.

प्रेसवर काम केलेल्या माणसांत हे काही नवलाचं नाही. अशी माणसं फोटोला उभी राहिली की तो हात आपोआप खिशात जातो. करीमने कधी कुणाला 'हात बाहेर घ्या' म्हटलं नाही. उलट स्वतःच 'एक हात खिशात घाला, रुबाबदार दिसतं' म्हणायचा, म्हणजे समोरच्याला लाजल्यासारखं वाटू नये. त्यामुळेच ती माणसं वाट वाकडी करून त्याच्याकडे येत.

ज्योतीरामचं लग्न ठरलं तेव्हा तो स्टुडिओत येऊन बराच वेळ उगाच फ्रेमा बघत बसला. शेवटी म्हणाला, "करीमभाई, लग्नाचा फोटो गावाकडं आईच्या भिंतीला लागणार. येणारं-जाणारं बघणार. हात तेवढा नीट करता येतोय का बघ की."

लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या हातात नारळ असतो, हात खिशात घालायची सोय नाही. करीमने फोटो काढला आणि घरी आला. त्याचं स्वतःचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. साबियाने स्वयंपाकघरातून नारळ आणला, त्याने तो उजव्या हातात धरला आणि तिने त्या हाताचा फोटो काढला. मग त्याने कॉम्प्युटरवर स्वतःची दोन बोटं उचलून ज्योतीरामच्या हाताला जोडली आणि रंगाने थोडी सावळी केली. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. ज्योतीरामने फोटो पाहिला आणि भर दुकानात रडला.

तेव्हापासून दोघांची दोस्ती. ज्योतीराम कुणालाही ओळख करून देताना म्हणायचा, "ह्याची दोन बोटं माझ्या घरी हायेत." आणि करीमसमोर त्याचा हात कधीही खिशात नसे. खुशाल तीन बोटांनी चहाचा ग्लास उचलायचा, टाळी द्यायचा, पत्ते पिसायचा.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी पुन्हा ठेकेदार बदलला आणि ज्योतीराम फोटोला आला. चाकणच्या एका कंपनीत तो पॅकिंगला होता, चौदा वर्षं, सगळी कंत्राटावरच. शिफ्ट सुटल्यावर कंपनीचाच शर्ट घालून थेट आला. फोटो झाला. चहा आला. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून उन्हाची तिरीप आत येत होती. ती त्याच्या हातावर पडली, ग्लासवर पडली आणि करीमने आपला ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं आपण पासपोर्ट फोटोत हा हात कापला, लग्नाच्या फोटोत झाकला. आणि सगळ्या माणसात बघण्यासारखं हेच होतं.

"ज्योती, एक फोटो घेऊ? हाताचा?"

"आरं, ह्याचा कशाला?" ज्योतीराम हसला. "घे. पण तोंड नको हं. कंपनीत कुणी बघितलं तर फुकटचा ताप व्हईल."

"तोंड येणार नाही. शब्द देतो."

शब्द देताना तो खरंच देत होता, हे आधी सांगून ठेवतो. त्याने हाताचे दहा-बारा फोटो घेतले. मध्येच बाहेर कुणाची तरी मोटारसायकल टायरच्या दुकानात घुसता घुसता वाचली. ज्योतीराम ग्लास तसाच वर धरून त्या बाजूला वळला आणि खदखदून हसला. करीमचं बोट बटणावरच होतं.

त्या दिवसापासून करीम बदलला. ओळखीच्या माणसांना बोलावून त्यांच्या हातांचे फोटो घ्यायला लागला. करंगळी नसलेला वेल्डर नवनाथ, अर्धा पंजा गेलेले चिमाजीबाबा. तोंडं कुणाचीच नाहीत. घरी जेवताना तो बोलायला लागला, आरशासमोर उभा राहून दाढी नीट कोरायला लागला. साबियाला बरं वाटलं. नवरा कितीतरी वर्षांनी सकाळी उठून कुठेतरी जायला उत्सुक दिसत होता.

जायचा तो निगडीच्या फोटोग्राफी क्लबात. क्लबात सगळे महागड्या कॅमेऱ्यांचे धनी. दर रविवारी देहूच्या घाटावर जायचं आणि एकाच म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांवर सात जणांनी तुटून पडायचं, ही त्यांची कला. तो म्हातारा आता कॅमेरा दिसला की न सांगता नदीकडे शून्यात बघतो. क्लबाचे अध्यक्ष निरंजन, आयटी कंपनीतून लवकर निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी करीमचे फोटो एकेक करून पाहिले आणि मान हलवली.

"करीमभाई, नुसता हात म्हणजे सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर झालं. माणूस कुठे आहे?"

करीमने मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला तो एक फोटो दाखवला. हसणारा ज्योतीराम, वर धरलेला ग्लास, तीन बोटं, तिरीप. निरंजननी मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "हा आर्ट गॅलरीतल्या आपल्या स्पर्धेला द्या. बाकी सगळं विसरा."

घरी येऊन करीमने तो फोटो साबियाला दाखवला. तिने पदराने हात पुसले आणि नीट पाहिला. "फोटो अच्छा हई," ती म्हणाली, "पर वो नको बोला था ना?"

करीम चिडला. म्हणाला, तुला कला कळत नाही. आर्ट गॅलरीत भोसरीचं कोण येतंय? शिवाय फोटो चांगलाच आहे, त्यात त्याची बदनामी काय? माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की त्याच्या तोंडी किती मुद्दे येतात. साधी गोष्ट एकच होती. ज्योतीरामचं घर सायकलने जाण्याइतकं जवळ होतं आणि करीम विचारायला गेला नाही. गेला असता तर तो 'नको' म्हणाला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिला नंबर आला. व्यासपीठावर शाल, श्रीफळ, टाळ्या. नारळ हातात घेताना करीमला कुणाचीही आठवण झाली नाही, इतका तो खूश होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून आला, खाली ओळ: 'चाकणच्या कारखान्यात बोटे गमावूनही हसणारा कामगार.' बोटं गेली होती भोसरीत, पंचवीस वर्षांपूर्वी. पण शर्ट चाकणच्या कंपनीचा होता आणि खिशावरचं चिन्ह करीमच्या भारी फोकसमुळे स्पष्ट वाचता येत होतं. दुपारपर्यंत तो फोटो कंपनीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता. संध्याकाळी ठेकेदाराने ज्योतीरामला गेटवरच थांबवलं. कंपनीची अब्रू पेपरात काढतोस? उद्यापासून येऊ नकोस. ज्योतीरामने शपथेवर सांगितलं की मला यातलं काही माहीत नाही. कुणाला खरं वाटणार? फोटोत तर तो हसत होता.

करीमला हे नवनाथकडून कळलं. तो ज्योतीरामच्या घरी गेला. दार त्याच्या मुलीने, दिव्याने उघडलं. एरवी 'चाचा' म्हणत धावणारी पोर उंबऱ्यातच उभी राहिली. "पप्पा घरी नाहीत," ती म्हणाली. आतून ज्योतीरामच्या खोकण्याचा आवाज येत होता. करीम ठेकेदाराकडे गेला, त्याने बसायलाही सांगितलं नाही. मग करीमने वर्तमानपत्राला दुरुस्ती छापायला सांगितली. ती छापून आली, आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी. ती कुणी वाचली नाही. खिशात हात घालणारी माणसंही यायची बंद झाली. पुढच्या चौकात नवा स्टुडिओ निघाला होता, तिथे जायला लागली.

महिन्याभराने ज्योतीराम आपणहून आला. काखेत चादरीत गुंडाळलेली फ्रेम. आई गेल्यावर गावाकडून आणलेला तोच लग्नाचा फोटो. करीम खुर्चीवरून धडपडत उठला.

"ज्योती, बस ना. चहा..."

"नको. एक काम होतं करीमभाई. तुम्हाला जमंल का बघा."

पंचवीस वर्षांत त्याने करीमला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ठेकेदाराच्या शिव्या खाऊन आलेल्या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर करीमने ऐकून घेतल्या असत्या.

ज्योतीरामने चादर सोडली. "ह्यातली तुमची बोटं काढून टाका. माझा हाय तसा हात बसवा."

"अरे, का पण?"

"समद्या जगानं बघितला. आता घरातल्या भिंतीवर कशापायी खोटं ठेवायचं?"

करीमने माफी मागितली. खरंच मागितली, डोळ्यांत पाणी आणून. ज्योतीरामने ती कुणी पत्ता सांगावा तशी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "कवा येऊ न्यायला?"

मूळ निगेटिव्ह ओल लागून कधीच चिकटून गेली होती. त्या जुन्या हाताचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी करीम कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याला कळलं की नारळाला बसेल असा वर धरलेला खरा हात एकाच ठिकाणी आहे. त्याने बक्षिसाचा फोटो उघडला. ग्लास धरलेल्या हाताची रेघ काढली, हात कापून घेतला आणि नवरदेवाच्या नारळावर ठेवला. पहिल्याच प्रयत्नात बसला. ग्लास काय, नारळ काय, धरायची पद्धत तीच होती. फक्त पंचविशीतल्या पोराच्या बाहीतून म्हातारपणाकडे झुकलेला हात बाहेर आला होता. तो तरुण करायला त्याने सुरकुत्या पुसल्या, चट्टे पुसले, तिरीपही पुसली. ज्यासाठी शब्द मोडला होता ते सगळं त्याने बसून एकेक करून पुसलं. मग स्वतःची दोन बोटं उडवली. माउसवर दाबायला होती तीही तीच दोन, पहिलं आणि मधलं.

ज्योतीराम ठरल्या दिवशी आला. फ्रेम उजेडात धरून त्याने बराच वेळ पाहिली. भिंतीवर टांगलेल्या बक्षिसाच्या कागदाकडे त्याने बघितलंही नाही.

"बराबर," तो म्हणाला. "काम तुमचं चोखच असतं."

"ज्योती, माझं ऐक तरी..."

"दोन पासपोर्ट फोटोबी काढायचे होते," ज्योतीराम म्हणाला. "वॉचमनच्या नोकरीसाठी. पण ते काढले म्या पुढच्या चौकात."

त्याने फ्रेम चादरीत गुंडाळून डाव्या काखेत मारली आणि पायऱ्या उतरला. करीम दारापर्यंत त्याच्या मागे गेला. हाक मारायला तो एक पायरी उतरला आणि थांबला. ज्योतीरामचा उजवा हात खिशात होता.