अहमदपूरचा पुरा कार्यक्रम

“बोलणं मागून. आधी गाणं.” आप्पा एवढं म्हणून तळहात उभा धरायचे आणि आम्ही मोठमोठे बाप्ये गप्प व्हायचो. कुणाला खोकला आलाच तर तो दारात जाऊन खोकून यायचा. लातूरला आमच्या गल्लीत आप्पांचं कापडाचं दुकान होतं. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून ते आम्हाला गादीवर बसवायचे आणि जुना टेपरेकॉर्डर लावायचे. त्यातून शाहीर गायचे.

शाहीर गाणी स्वतः लिहायचे, चाली स्वतः लावायचे आणि पेटी घेऊन गावोगाव गायचे. बाजारात त्यांच्या कॅसेटी मोजक्याच आल्या, आणि आमच्यासारख्या वेड्यांना त्या नकोच असायच्या. आम्हाला जत्रेतले, गणपतीतले कार्यक्रम हवे असत, कारण एकच गाणं शाहीर माहूरला एका तऱ्हेनं गात आणि उदगीरला दुसऱ्या. कुठलं चांगलं, यावरून आम्ही भांडायचो. असे लोक तुमच्याही ओळखीत असतील. घरचे त्यांना रिकामटेकडे म्हणतात आणि ते फारसं खोटं नसतं.

एकदा आमच्यातले एक गुरुजी किनवटच्या कार्यक्रमातल्या संथ चालीवर बोलायला लागले. बोलता बोलता त्यांना त्या चालीत जंगलातली शांतता ऐकू यायला लागली. आप्पा म्हणाले, “शांतता कशाची गुरुजी? पेटीचा भाता फाटला होता. मी तिथंच होतो.”

आप्पा सगळीकडंच होते. पुढच्या रांगेत, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. त्यामुळं त्यांचं रेकॉर्डिंग सगळ्यांत स्वच्छ. पण कॅसेट ते कुणाला घरी नेऊ द्यायचे नाहीत. मला त्याचा राग यायचा आणि मी तो तोंडावर बोलून दाखवायचो. “नेऊन काय करता? इथं येऊन ऐका की,” एवढंच ते म्हणायचे. अहमदपूरच्या कार्यक्रमाचा तर त्यांना भारी गर्व. “पुरा कार्यक्रम हाय माझ्याकडं. पुरा.” हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांची पाठ वळली की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

मग नांदेडच्या एका हौशी प्राध्यापकानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. शाहिरांचे जुने कार्यक्रम गावागावांतून गोळा करायचे आणि एकेका गावाचा अल्बम करून नेटवर टाकायचा, असा बेत ठरला. शाहीर तोवर लकव्यानं खुर्चीला लागले होते. वाचा गेली होती. नांदेडला मुलीकडं असायचे. ग्रुपवर आप्पांच्या कॅसेटीची बढाई वाचून त्या मुलीनं आप्पांना फोन केला.

तिची आई ती लहान असताना गेली होती. बायको गेल्यावर शाहिरांनी चुलीचं गाणं लिहिलं, ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण घरात त्यांनी बायकोचं नाव कधी काढलं नाही. फक्त अहमदपूरला, त्या गाण्याच्या आधी, ते तिच्याबद्दल बराच वेळ बोलले होते आणि सगळा मांडव रडला होता. मुलगी तेव्हा होस्टेलात होती. “गाणं हाय माझ्याकडं, आप्पा,” ती म्हणाली. “बाबा आईबद्दल काय बोलले, तेवढं ऐकायचंय.”

“या की ताई,” आप्पा म्हणाले. “पुरा हाय.”

ती शाहिरांना घेऊनच आली. आप्पांनी गादीवर नवीन चादर घातली होती. शाहिरांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, मुलीनं त्यांचं तोंड पुसलं. आप्पांनी हात वर केला आणि टेप लावला. एक गाणं संपलं. टाळ्या सुरू होतायत तोवर टक् असा आवाज आला आणि चुलीचं गाणं सुरू झालं.

“याच्या आधी बोलले ना बाबा?” मुलीनं विचारलं.

आप्पांनी कॅसेट मागं घेतली. पुन्हा टाळ्या, टक्, गाणं. त्यांनी बाजू बदलून पाहिली. तिकडंही गाण्याला गाणं जोडलेलं. इतक्या वर्षांत आम्हा कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण आम्हीही गाणीच ऐकत होतो.

“मशीन बंद केलं होतं का तुम्ही?”

“हाव ताई. शाहीर बोलायला लागले की बंद करायचो मी. कॅसेट पुरावी म्हणून.”

“पण तुम्ही तर पुढंच बसला होता. काय बोलले, ते आठवत असंल की.”

आप्पांनी मान खाली घातली. “तेवढ्या वेळात मी कॅसेट उलटून घ्यायचो, पेन्सिलीनं फीत ताणायचो. ऐकलंच न्हाई मी.”

मला तेव्हा आप्पांची कीव आली नाही, रागच आला. मुलीनं मात्र बापाच्या अंगावरची शाल नीट केली. शाहीर चांगल्या हातानं खुर्चीवर ठेका धरून बसले होते.

त्यानंतर आप्पांनी रविवारची बैठक बंद केली. अहमदपूरला जाऊन मांडववाला गाठला, भोंगेवाला गाठला. एकाकडं कॅसेट निघाली, पण तिच्यावर कुणाच्या तरी हळदीचं रेकॉर्डिंग झालेलं. म्हातारी माणसं म्हणायची, लई रडलो बगा त्या दिवशी. कशानं, ते कुणाला सांगता येईना. पुढं आप्पांच्याच कॅसेटीवरून अहमदपूरचा अल्बम निघाला. ग्रुपवर सगळ्यांनी आप्पांचं कौतुक केलं, की मध्ये एक शब्द फालतू नाही. आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी नांदेडला शाहिरांच्या घरी सांगायला गेलो, तर मुलीला कळलेलं होतं. आप्पा शेवटपर्यंत एस.टी.नं त्यांच्याकडं जात होते, हे मला तिथं समजलं. येताना टेपरेकॉर्डर आणायचे आणि शाहिरांसमोर चालू करून ठेवायचे.

“मी म्हणायचे, काय करून राहिलात आप्पा, बाबांचं काही कळत न्हाई,” ती म्हणाली आणि तिनं एक कॅसेट लावली.

कुकरची शिट्टी ऐकू आली. चहाच्या कपात चमचा फिरला. मग आप्पांचा आवाज आला, जपून बोलणारा.

“शाहीर, त्या दिवशी अहमदपूरला वहिनींचं काय सांगितलं होतं हो तुम्ही?”

आणि शाहीर बोलायला लागले. त्यात एकही शब्द नव्हता. घोगरे, तुटलेले आवाज होते. ते चढायचे, उतरायचे, एका जागी अडकून पडायचे आणि पुन्हा निघायचे. मध्ये एकदा ते हसल्यासारखे वाटले. फार वेळ ते सांगत राहिले. आणि अधूनमधून आप्पा.

“हाव.”

“हाव, शाहीर.”

“मग?”