सावरीवरचा हळद्या

करवंदीच्या फुलांचा वास आला, की मला अकोले तालुक्यातली ती टेकडीवरची राई आठवते. तिथल्या शाळेत मी शिकवत होते आणि माझ्याबरोबरचे एक सर पक्ष्यांचे वेडे होते. त्यांच्या नादाने मीही रविवारी सकाळी राईत जाऊ लागले. त्या फाल्गुनात त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी उजाडताच ते म्हणाले, "चला मॅडम, तुम्हाला हळद्या दाखवायचा राहिलाय." राईतली सावर पानं झडून लाल फुलांनी भरली होती. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. वरच्या फांदीवरचा पिवळाधमक हळद्या मला लगेच दिसला. पण दिसला म्हटलं की परत फिरायचं होतं. "नाही हो दिसत," मी म्हणाले. "मलाही नाही. थांबू या थोडं," ते म्हणाले. आम्ही बराच वेळ थांबलो. तेवढ्यात मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी आमच्याजवळ थबकली. "अवं बाई, त्यो काय, समोरच बसलाय की! मघाधरनं तितंच हाय." माझे कान तापले. ती हसत निघून गेल्यावर सर हळूच म्हणाले, "मला मघाशीच दिसला होता." राईत आम्ही दोघंच होतो. बोलायला याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि मी विचारलं काय, तर "सर, तुमची जीप किती वाजता?" "नऊला," ते म्हणाले आणि टेकडी उतरू लागले. इतकी वर्षं झाली, तरी मी मनात त्यांना दुसरंच काहीतरी विचारते आणि उत्तराची वाट बघत राहते.