तिसरं पाणी

तांदळाची पेज नुकतीच शेगडीवरून उतरवली होती. नवरा लोणच्याच्या बरणीत जेवायच्या काड्यांनी मुळा शोधत होता, तेवढ्यात दार वाजलं. सकाळी सहाला आमच्याकडे कोण येणार!

दारात मियाओ काका. खालच्या मजल्यावरचे, विद्यापीठाच्या उंदीरखान्यातले. तेवीस वर्षं त्यांनी प्रयोगासाठीच्या पांढऱ्या उंदरांचं खाणंपिणं, साफसफाई केली. अंगाला कायम लाकडाच्या भुशाचा वास.

"काय काका, उंदरांनी आज सुट्टी दिली वाटतं?" नवरा म्हणाला.

एरवी काका दुप्पट टोला देतात. आज नजर बुटांवरच.

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक पत्र लिहून द्याल?"

पेज पुढे केली, तर घेईनात. बसेनात. उभ्याउभ्याच बोलले.

विद्यापीठातल्या संशोधक युआन बाई दोन वर्षं यकृताच्या कॅन्सरवर एक जुना काढा तपासत होत्या. गाठ वाढवलेले उंदीर, दोन पिंजरे. एका पिंजऱ्याला काढा, दुसऱ्याला साधं पाणी. काढा उकळायचं काम काकांचं. आमच्याकडे जडीबुटी दोनदा उकळून दोन्ही पाणी एकत्र करतात, तसं ते करत. उरलेला चोथा फेकायचा.

"पण तो फेकवेना हो," काका म्हणाले. "आमची ही याच दुखण्याने गेली. तिच्यासाठी मी चोथा तिसऱ्यांदाही उकळायचो. इथे साध्या पाण्याचे उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसायचे. मग संध्याकाळी सगळे गेले, की त्यांच्या बाटल्यांत तिसरं पाणी घालायचो. सकाळी बाटल्या धुऊन ठेवायचो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

नवऱ्याने काड्या खाली ठेवल्या. मला आधी काकांची दया आली, मग रागच आला. काका म्हणाले, दोन्ही पिंजऱ्यांतल्या गाठी सारख्याच निघाल्या होत्या, आणि काढा निरुपयोगी आहे असं युआन बाईंनी लिहून टाकलं होतं. तो लेख उद्या छापायला जाणार होता.

"अहो, मग जाऊन सांगा ना तोंडाने!"

"काल गेलो होतो. मला बघून त्या म्हणाल्या, 'या काका, तुमच्यासारखे स्वच्छ हात साऱ्या विद्यापीठात नाहीत.' आणि चहा दिला. मी पिऊन आलो, वहिनी. चहा पिऊन आलो."

त्यांचे कान लाल झाले होते. मी मुलीच्या वहीतला कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'उंदरांची कीव आली' असं मी आपणहून घातलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं.

"ते नको. कीव आली म्हणून खोटं खरं होत नाही."

काढा चांगला की वाईट, ते त्यांना माहीत नव्हतं; दोन वर्षं घालवून बाईंनाही कळलं नव्हतं. ते सगळं पुन्हा तपासायला हवं, एवढं लिहून झालं. मी सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी पेन घेतलं नाही.

"खाली अजून एक ओळ लिहा."

"सांगा."

"लेखाच्या शेवटी आभार मानलेत, त्यात माझं नाव आहे. ते काढा."